मेळ्यात हौशी मंडळींचे मल्टिमीटर तपासताना ते तिथेच जुळवून द्यावेत का?

प्रश्न
एका खुल्या मेळ्यात आम्ही तिघे टेबल मांडणार आहोत आणि हौशी मंडळींनी आणलेले मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारी उपकरणे) तपासून देणार आहोत. आमच्याकडे २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देणारा एडी५८४ आयसीचा रेफरन्स (म्हणजे ठरावीक, स्थिर व्होल्टेज देणारे साधन), काही अचूक रेझिस्टर आणि प्रयोगशाळेतून नुकताच कॅलिब्रेट करून आणलेला साडेसहा अंकी, म्हणजे साध्या मीटरहून कितीतरी बारीक फरक दाखवणारा, मीटर आहे. ज्यांचे मीटर चुकीचे दाखवतील, ते तिथेच उघडून आतला ट्रिमपॉट (रीडिंग जुळवण्याचा छोटा स्क्रू) फिरवून द्यावा, असे मला वाटते, कारण नुसती चूक सांगून माणसाला परत पाठवणे मला अर्धवट वाटते. माझे सोबती मात्र याला तयार नाहीत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १
आपल्या सोबत्यांचे म्हणणे योग्य आहे. कॅलिब्रेशन म्हणजे मुळात ज्ञात मूल्याशी तुलना. जुळवणी हे त्यानंतरचे वेगळे काम आहे. आधी मीटर खरोखर चुकतो आहे का, हे ठरवावे लागते. ज्याची अचूकता अर्धा टक्का अधिक दोन अंक (रीडिंगचा अर्धा टक्का आणि वर शेवटच्या स्थानावरचे दोन अंक, म्हणजे इथे ०.०५ आणि ०.०२ व्होल्ट) अशी दिलेली आहे, तो मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० व्होल्टला ९.९३ ते १०.०७ यांमध्ये काहीही दाखवू शकतो, त्यामुळे १०.०५ पाहून स्क्रू-ड्रायव्हर उचलणे चूक ठरेल. शिवाय आयसीएल७१०६ या चिपच्या साध्या मीटरमध्ये बहुधा एकच ट्रिमपॉट असतो आणि तो फिरवला की व्होल्टेजच्या सगळ्या रेंज एकत्र सरकतात. दोष एखाद्या रेंजच्या विभाजक (व्होल्टेज विभागून कमी करणाऱ्या) रेझिस्टरमध्ये असेल, तर ती एक रेंज सुधारते आणि बाकीच्या बिघडतात.

उत्तर २
मला काळजी वाटते ती आपल्या रेफरन्सची. एडी५८४च्या सर्वांत साध्या प्रतीत तापमानाच्या प्रत्येक अंशाला दशलक्षात ३० भागांपर्यंत फरक पडू शकतो. मंडपात प्रयोगशाळेपेक्षा १० अंश जास्त तापमान असेल, तर १० व्होल्टला ३ मिलिव्होल्ट इतका. साध्या मीटरला याने काही बिघडत नाही, पण ०.०५ टक्के अधिक तीन अंक अशा साडेचार अंकी मीटरची एकूण मर्यादाच ८ मिलिव्होल्ट असते आणि मानक (ज्याच्याशी तुलना करायची ते) हे तपासायच्या साधनापेक्षा निदान चौपट अचूक असावे, हा संकेत तिथे पाळला जात नाही. म्हणून रेफरन्सवर छापलेला आकडा खरा धरू नये. पाहुण्याचा मीटर आणि आपला साडेसहा अंकी मीटर एकाच टर्मिनलला समांतर जोडावेत व दोन्ही रीडिंग एकाच वेळी लिहावीत. मग रेफरन्स त्या मिनिटापुरता स्थिर असला की पुरते. आपला मीटर मात्र तासभर आधी चालू करून ठेवावा आणि त्यावर ऊन किंवा पंख्याचा झोत येऊ देऊ नये.

उत्तर ३
अशा टेबलावर मी बसलो आहे. एका मुलाचा मीटर १० व्होल्टला १०.६ दाखवत होता आणि तो ट्रिमपॉट फिरवून द्या म्हणून आग्रह धरत होता. डिस्प्लेच्या कोपऱ्यात बॅटरीचे पुसट चिन्ह दिसले, म्हणून नवी ९ व्होल्टची बॅटरी घातली, तर आकडा १०.०१ वर आला. बॅटरी उतरली की अशा मीटरचा आतला रेफरन्स खाली येतो आणि प्रत्येक रीडिंग वाढते. त्या क्षणी मी ट्रिमपॉट फिरवला असता, तर पुढची बॅटरी घातल्यावर तो मीटर कायमचा कमी दाखवत राहिला असता. म्हणून पहिले काम बॅटरीचे. मग २०० ओहमच्या रेंजवर प्रोब एकमेकांना टेकवून वायर हलवून पाहावी, कारण आतून तुटलेली वायर तिथेच उघडी पडते. करंट मोजण्याच्या मिलिअँपियर रेंजचा फ्यूज उडाल्याचे मालकाला बहुधा ठाऊक नसते, तेव्हा तोही तपासावा. चिठ्ठीवर दिलेले मूल्य, दिसलेले रीडिंग, तापमान आणि तारीख एवढेच लिहावे. प्रमाणपत्र हा शब्द वापरू नये.

प्रश्नकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. उतरलेल्या बॅटरीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ट्रिमपॉटला हात लावणार नाही. ताज्या बॅटऱ्या आणि फ्यूज सोबत नेतो व दोन मीटर समांतर जोडण्यासाठी टर्मिनलची पट्टी आजच तयार करतो.