‘किती सुटलीस गो!’ हे चवथीला ऐकलेल्यांनी इथे लिहा

आबोली: चवथीची आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी लग्नातला ब्लाउज सापडला. बारा वर्षं ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून ठेवलेला. पहिल्याच चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, “स्टूल मोडशील गो!” त्या रागात शीत (भात) सोडलं, चक्कर येऊन पडले, मग दुप्पट खाल्लं. आज शिवण उसवून पाहिली, आत सोडायला अर्धा इंचही कापड नाही. हसूच आलं. कापला, समया पुसायला घेतला. हल्ली पणजीच्या पाटोवरून रायबंदरच्या दिशेनं चालते, जमेल तेवढं. तुमचं?

रापणकार: माझी शर्टाची बटणं दर जत्रेला उडतात. बायको डब्यात जमवते.

दोन_पोयी: मला पोई (आपला गोव्याचा पाव) बंद करून ओट्स सांगितलेत. कोंड्याची पोई वाईट कशी काय?

सकाळची_पेज: हल्लीच्या पोयांत मैदाच जास्त, वरून कोंडा भुरभुरतात. तुमचा पोदेर (पाववाला) कुठला?

दोन_पोयी: सायकलवाला, पावणेसातला भोंपू वाजवतो. त्याचं नाव कधी विचारलंच नाही बघा.

कुळागर: आहे तसं अंग स्वीकारा स्वीकारा म्हणणं सोपं. माझ्या भावानं स्वीकारलं आणि प्रेशर तपासलंच नाही. पुढचं लिहीत नाही.

सकाळची_पेज: @कुळागर वाईट वाटलं. पण माझं उलटं झालं. दवाखान्यात काटा बाकड्यांसमोरच, नर्स आकडा मोठ्यानं वाचायची. त्या लाजेनं दोन वर्षं गेलेच नाही. गेले तेव्हा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. नवी डॉक्टर म्हणाली, काटा राहू दे, टेप लाव. आपल्याकडे कमर बायकांची ८० सेंमीच्या आत हवी, पुरुषांची ९०. उकड्याची पेज सोडली नाही, वाडगी लहान केली. जेवल्यावर अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. आता ६.२, वजन जेमतेम दोन किलो हललंय. (गोळी चालू आहे, उगाच पेजेला श्रेय नको.)

रापणकार: टेप लावला. १०४. बायकोला सांगू नका.

माशेलची_सून: सासूबाई ६८ वर्षांच्या, अंगानं भरलेल्या. फुगडीला आम्हा तिघींना दमवतात, वर विचारतात “जिमाक वता मगो तूं?” (जिमला जातेस ना गं तू?) बाय द वे नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण सैल झालंय, काय करू?

आबोली: रवा भाजून घाल.

माशेलची_सून: घातला गो. आणि ब्लाउजला जरीचे काठ होते का? टाकले नाहीस ना?

आबोली: ठेवलेत. ये न्यायला, स्टुलावर चढायलाही कोणीतरी हवंय.

दोन_पोयी: पोदेराचं नाव विचारलं. लाजला. एक पोई जास्त दिली.