कानांचंही बघा
म्हातारपणी स्मृतिभ्रंश, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती हळूहळू कमी होत जाण्याचा आजार, टाळायला काय करावं या चर्चेत वर शब्दकोडी, अक्रोड आणि योगासनांवर बरंच लिहून झालंय. कानांचा विषय मात्र कुणीच काढला नाही, म्हणून हा प्रतिसाद.

आमच्या सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. माझे मामा त्यातलेच. साठीनंतर विचारलं एक की उत्तर भलतंच द्यायचे, पोरं हसायची, मग मामांनी कट्ट्यावर बसणंच सोडलं. आम्ही म्हणायचो, वय झालं. कान तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितलेत. ते सगळे टाळले तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं हा त्यातला मोठा धोका आणि एकटेपणाही त्यात आहेच. चाळिशीनंतरचं बीपी, मधुमेह, धूम्रपान हेही आलंच.

आता मामांना श्रवणयंत्र बसवलंय. पहिले पंधरा दिवस काढून ठेवायचे, भांड्यांचा आवाज सहन होईना. हल्ली सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जातात, सोबत्यांशी बोलत बोलत. मागावर काम करणारं कुणी घरात असेल तर कान एकदा तपासून घ्याच.