लवाद, मध्यस्थ की पंच?

प्रश्न: माल पुरवठ्याच्या करारनाम्याचं मराठी भाषांतर करते आहे. 'आर्बिट्रेटर'ला मध्यस्थ लिहिलं तर चालेल का? हिंदी मसुद्यात तसंच आहे.

उत्तर: नको, 'लवाद'च लिहा. हिंदीत लवादाच्या कायद्याचं नावच 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम, १९९६' आहे, त्यामुळे तिथे ते बरोबर. मराठीत मात्र मध्यस्थ म्हणजे दोघांच्या मध्ये पडून जुळवून देणारा, मग ते लग्न असो की जागेचा व्यवहार. त्याचं म्हणणं ऐकायचं की नाही, हे आपल्या हातात. लवादाचं तसं नाही. तो दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि याच कायद्याच्या कलम ३६ नुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. पटला नाही म्हणून नेहमीसारखं अपील करता येत नाही. कलम ३४ खाली मोजक्या कारणांवर तो रद्द करून मागायचा, तेही तीन महिन्यांत. फार तर आणखी ३० दिवस मिळतात.

म्हणून 'वाद मध्यस्थामार्फत सोडवला जाईल' हे वाक्य धोक्याचं आहे. उद्या बिल थकलं की समोरचा म्हणणार, मी फक्त बोलणी करायला कबूल झालो होतो. मग मूळ पैसे राहतात बाजूला आणि त्या एका शब्दावरच कोर्टात भांडण. सरळ लिहा: 'या करारातून उद्भवणारा वाद लवादाकडे सोपवला जाईल व त्याचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील.' किती लवाद तेही लिहा. संख्या विषमच लागते. काहीच ठरवलं नसेल तर कायद्याने एकच.

प्रश्न: आणि 'पंच'? जास्त मराठी वाटतो.

उत्तर: शब्द छानच आहे. पेशवाईत तंटे पंचायतीपुढे जात, तेव्हा पंचांचा निर्णय मान्य राहील असं दोन्ही पक्ष आधी लिहून देत. त्या कागदाला राजीनामा म्हणत! म्हणजे आजच्या लवादाच्या कलमाचाच हा पूर्वज. पण आता पंच म्हटलं की पंचनाम्यावर सही करणारा किंवा क्रिकेटचा अंपायर डोळ्यांसमोर येतो. करारात नको.

प्रश्न: हरित लवादापुढे तर कोणी आधी कबुली देत नाही?

उत्तर: बरोबर. ते २०१० च्या कायद्याने स्थापन झालेलं न्यायाधिकरण आहे; कृष्णा पाणीतंटा लवादही कायद्यानेच नेमलेला. वर्तमानपत्रांत 'लवाद' रुळलाय, पण माझ्या मते तिथे न्यायाधिकरणच हवं. पक्षांनी आपल्या संमतीने नेमलेल्या माणसासाठी 'लवाद' राखून ठेवावा.