भाडोत्री माणसं लावून केलेल्या सत्तापालटाला मराठीत काय म्हणायचं?

अर्धाफासा

एक शब्द हवाय. आमच्या रोलप्लेइंगच्या (पात्रं वठवत फाशांवर खेळायच्या खेळाच्या) टेबलावर सध्या अशी मोहीम चालू आहे की एक परागंदा राजपुत्र (आणि त्याच्यामागे एक सावकार) खेळाडूंच्या टोळीला पैसे देतो आणि सांगतो, अमुक बेटावर जा, तिथल्या राज्यकर्त्याला उचला आणि मला गादीवर बसवा. खेळ पूर्ण मराठीत चालतो त्यामुळे शब्द अडला की गाडी अडते. 'लष्करी उठाव' म्हणता येत नाही, कारण लष्कर आपल्या बाजूला कुठेच नाही, असलंच तर समोर बंदुका घेऊन उभं. 'बंड' म्हणावं तर बंड करणारा त्या राज्यातला लागतो, ज्याचं खाल्लं त्याच्यावरच उलटला तो बंडखोर, आणि ही मंडळी तर त्या बेटावर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवणार. 'सत्तापालट' चालतो पण त्यात फक्त निकाल कळतो, कोणी कसा घडवला ते नाही. निवडणुकीनंतरसुद्धा पेपरवाले सत्तापालटच छापतात. 'क्रांती'बद्दल बोलायलाच नको.

मोडीवाचक

गारदी! शब्द घरातच आहे की. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं थकलेल्या पगाराची ओरड करत आत घुसली आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' कोणी केला ती गोष्ट बाजूला ठेवा, तिचा पुरावा कमी आणि कीर्तनं जास्त. पण साचा बघा. पगारी माणसं, पडद्यामागे गादीवर हक्क सांगणारा काका, आणि काम झाल्यावर 'मी फक्त धरायला सांगितलं होतं' अशी हात वर करायची सोय. 'गारदी घालणे' असं क्रियापद करून टाका.

अर्धाफासा

मोडीवाचक, शब्द भारी आहे पण गारदी पेशव्यांच्याच चाकरीत होते ना? म्हणजे रखवालदारच उलटला. मला बाहेरून येणारे हवेत, विमानाने नाहीतर होडीने.

मोडीवाचक

मग शिलेदार म्हणा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा आणि त्याप्रमाणे जास्त पैसे घ्यायचा. तुमच्या खेळातलं पात्र शिलेदारच असतं की, कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) तलवार, दोर, कंदील सगळं स्वतःचं. आणि त्यांनी पदरी ठेवलेले हायरलिंग ते बारगीर. अडचण एकच, हल्ली 'पक्षाचे निष्ठावंत शिलेदार' असं म्हणून म्हणून शब्दाचा पार गुळगुळीत गोटा झालाय.

पेंढारी मात्र वापरू नका. त्यांना पगार नसायचा, लुटीवर गुजराण. भाडोत्री म्हणजे आधी बोली ठरलेली पाहिजे.

सरळनाक

एवढं दप्तर कशाला उघडताय, सरळ 'सुपारी' म्हणा. एका देशाची सुपारी घेतली. ऐकणाऱ्याला चार शब्दांत सगळं कळतं, पैसे आगाऊ, काम दुसऱ्याचं, नाव कुठेही येणार नाही.

तत्समप्रेमी

सुपारी खुनाची असते. राज्य उलथवण्याला 'भाडोत्री उठाव' हा शब्द पुरेसा आहे. आणि कृपया कोणी 'तख्तापलट' सुचवू नका, तो हिंदीतून आलाय, आपल्याकडे तख्त फोडतात.

अर्धाफासा

'भाडोत्री उठाव' वाचायला ठीक, पण 'उठाव' म्हटलं की खालून कोणीतरी उठलेलं डोळ्यासमोर येतं. खऱ्या घटना बघितल्या तर खालचं कोणी जागं पण नसतं. मी या मोहिमेसाठी थोडं वाचलं, त्यातलं एकेक टाकतो, शब्द ठरवायला उपयोग होईल.

सेशेल्स, २५ नोव्हेंबर १९८१. कर्नल माइक होअर, काँगोत नाव कमावलेला जुना भाडोत्री, चाळीसहून जास्त माणसं घेऊन साध्या प्रवासी विमानाने माहे विमानतळावर उतरला. सोंग कसलं तर बीयर पिणाऱ्यांच्या क्लबाची सहल, आणि बॅगांमध्ये वर अनाथ मुलांसाठी खेळणी, खाली सुट्या केलेल्या एके-४७. कस्टम्सच्या माणसाने एक बॅग उघडली आणि संपलं, तिथल्या तिथे गोळीबार. गोळीबार चालू असताना धावपट्टीवर कोण उतरावं तर मुंबईकडे निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७. त्याच विमानात बसून हे सगळे डर्बनला पळाले, काही जणांना मागे ठेवून. होअरला दक्षिण आफ्रिकेत १० वर्षांची शिक्षा झाली, पण कशाबद्दल? विमान पळवल्याबद्दल!

तेच २००४ मध्ये. सायमन मान, एसएएस या ब्रिटिश विशेष कमांडो दलाचा माजी अधिकारी. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत जायचं, तिथला अध्यक्ष ओबियांग याला हटवायचं आणि स्पेनमध्ये परागंदा असलेल्या सेवेरो मोटोला बसवायचं. तिथे नव्वदच्या दशकात तेल सापडलं होतं, बाकी कारण शोधायची गरज नाही. ७ मार्चला हरारेला बोइंग ७२७ हत्यारं घ्यायला थांबलं आणि साठहून जास्त माणसं विमानासकट पकडली गेली. म्हणे आम्ही काँगोत खाणींची राखण करायला चाललो होतो. झिम्बाब्वेने मानला शिक्षा दिली ती हत्यारं बेकायदा विकत घ्यायच्या प्रयत्नाबद्दल. मार्गारेट थॅचरबाईंचा मुलगा मार्क याने २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुन्हा कबूल करून ३० लाख रँड दंड भरला, तो एका हेलिकॉप्टरला पैसे पुरवल्याबद्दल. म्हणजे कोर्टालाही नेमका शब्द सापडत नाही बहुतेक वेळा. (मोडीवाचक, तुमच्यासाठी खास: ओबियांग स्वतः १९७९ मध्ये सत्तेवर आला तो काकाला उलथवून. तिथे पुतण्या वरचढ ठरला.)

मोडीवाचक

हाहा, काका-पुतणे सगळीकडेच.

पण मग तुम्ही बॉब डेनार विसरलात. मे १९७८ मध्ये हा फ्रेंच इसम पन्नासेक माणसं घेऊन मासेमारीच्या जहाजातून कोमोरोस बेटांवर उतरला, अली सोइलीची राजवट पाडली आणि अहमद अब्दल्लाला परत आणून बसवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच अब्दल्लाला पाडण्यात आणि सोइलीला वर आणण्यातही हाच होता, हे लक्षात घ्या. पुढची अकरा वर्षं तिथला अध्यक्षीय पहारा याच्या हातात. नोव्हेंबर १९८९ मध्ये अब्दल्ला स्वतःच्या महालात मारला गेला तेव्हा डेनार तिथेच होता, १९९९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने पुराव्याअभावी सोडलं. म्हणजे आला तेव्हा शिलेदार, राहिला तो गारदी होऊन. मी सुचवलेले दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडतात, आता बोला.

सरळनाक

+१ पण माझी सुपारी अजून कोणी खोडलेली नाही. २०२० मधलं व्हेनेझुएलाचं प्रकरण घ्या. फ्लोरिडातली एक खाजगी सुरक्षा कंपनी, तिचा मालक माजी अमेरिकन सैनिक, आणि व्हेनेझुएलाच्या विरोधी गटाबरोबर अध्यक्ष मादुरोला उचलायचा चक्क करारनामा, सहीशिक्क्यासकट, आकडा २१ कोटी डॉलरच्या आसपास. विरोधी गटाने नंतर हात झटकले. दोन होड्या निघाल्या, एक किनाऱ्याजवळच गारद, दुसरीतल्यांना चुआओ गावच्या कोळ्यांनी पोलिसांच्या मदतीने धरलं. सुपारी नाही तर काय हे? फक्त सुपारीला परिशिष्टं जोडलेली होती.

मोडीवाचक

सरळनाक, तुमच्या शब्दाचा मोठा भाऊ आहे, 'विडा'. विडा उचलणे. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलला तो सगळ्यांसमोर, नाव लावून. काम तेच, अमक्याला धरून आणा नाहीतर मारा. विडा उघड असतो आणि उचलणाऱ्याची इज्जत त्यात अडकलेली असते, सुपारी गुपचूप असते आणि इज्जत दोघांचीही नसते. मला वाटतं खेळातल्या 'क्वेस्ट'ला विडा आणि ह्या असल्या कामाला सुपारी, अशी वाटणी करावी.

टेबलाचा धनी

विडा आणि सुपारी, वा! हे आजपासून आमच्या टेबलावर लागू.

आता खेळाच्या बाजूने लिहितो, जरा लांबेल. वर आलेल्या घटनांमधली माणसांची संख्या बघा, पन्नास, साठ, चाळीस. १९८८ मध्ये मालदीवची सत्ता उलथवायला भाड्याने आलेले ऐंशीच्या आसपास. ही लढाई नव्हेच, त्यामुळे नकाशावर सोंगट्या ढकलायच्या युद्धखेळात हे कधी नीट बसत नाही, रोलप्लेइंगमध्ये मात्र हातमोज्यासारखं बसतं, कारण इथे प्रत्येक माणसाला नाव आहे, एकाला विमान चालवता येतं, एकाची जुनी ओळख हत्यारं विकणाऱ्याशी आहे आणि एकजण दारू पिऊन भलतीकडे बडबडतो. १९७७ मध्ये आलेला 'ट्रॅव्हलर' हा खेळ तर जणू ह्यांच्यासाठीच लिहिलाय. त्यात पात्र तयार करायचं म्हणजे त्याची आधीची नोकरी फाशांवर खेळून काढायची, आरमार, पायदळ, जे असेल ते, आणि त्या नोकरीत तो खेळ सुरू व्हायच्या आधीच मरूही शकतो. जगला तर चाळिशीचा, निवृत्त, अंगात कसब भरपूर आणि खिसा रिकामा. जहाज मिळालं तर त्यावर कर्ज, हप्ता किमतीचा २४० वा भाग आणि असे ४८० महिने! मग बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात एक पेट्रन (पैसे देऊन काम सांगणारा) भेटतो आणि म्हणतो एक काम आहे. सायमन मानच्या विमानातले बरेचसे लोक दक्षिण आफ्रिकेच्या बरखास्त झालेल्या ३२ बटालियनचे जुने सैनिक होते, मूळचे अंगोलाचे, पलटण मोडल्यावर दुसरं काही न येणारे. खेळाच्या नियमात हप्ता म्हणून जे लिहिलंय ते ह्यांच्या घरी खरंच थकलेलं असणार.

फरक कुठे पडतो तर फाशात. आम्ही गेम मास्टर लोक (खेळ चालवणारे) फासे ठेवतो ते गोळीबाराला. खऱ्या मोहिमा फसतात त्या बहुतेकदा गोळीबाराच्या आधीच कुठेतरी. होअर कस्टम्सच्या टेबलावर अडकला, मान हत्यारांचं विमान भरायची वाट बघताना, आणि मालदीवमध्ये तर ३ नोव्हेंबरला मालेत सगळीकडे ह्यांची माणसं, पण अध्यक्ष गयूम सापडेनात आणि शेजारच्या बेटावरची हुलुलेची धावपट्टी ह्यांनी ताब्यातच घेतली नव्हती! आग्र्याहून निघालेले भारताचे पॅराट्रूपर्स त्याच रात्री तिथे विमानं उतरवून मोकळे. आमच्याकडे खेळाडू तीन तास बेत आखतात, कुठल्या खिडकीतून जायचं, कोण दोर धरणार, आणि परतीच्या होडीचं कोणीच विचारत नाही, अगदी तस्सं. त्यामुळे मी आता एकच करतो. लढाईला एक फासा आणि कागदपत्रांना तीन. सामान तपासणी, इंधनाची पावती, आणि 'हा इसम कालच बारमध्ये काय बोलत होता' यावर. मनोधैर्याचा फासा पण वापरा, जुन्या डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळात) भाड्याच्या माणसांसाठी दोन फाशांचा तो नियम होता, हल्ली लोक गाळतात. पगारावर आलेला माणूस कुठवर उभा राहतो हे त्याशिवाय कळत नाही. बाकी खेळाडू टेबलावर खुर्चीला चिकटून शेवटपर्यंत लढतात कारण त्यांना मरायचं नसतं, नवीन शीट भरायची असते फार तर.

तत्समप्रेमी

चर्चा छान पण भटकली. कायद्यात काय म्हणतात बघा: जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलमध्ये (जोडकरारात), कलम ४७ मध्ये, भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. मुद्दाम लढायला भरती केलेला, खाजगी लाभासाठी आलेला, लढणाऱ्या पक्षांपैकी कोणाचाही नागरिक नसलेला, कोणाच्याही सैन्यात नसलेला वगैरे, आणि ह्या सगळ्या अटी एकदम लागू व्हायला हव्यात. अशा माणसाला युद्धकैद्याचा हक्क नाही. त्यामुळे 'भाडोत्री' हे विशेषण पक्कं, ते काढू नका. नाम तुम्ही ठरवा.

अर्धाफासा

झालं मग, लिहिताना 'भाडोत्री सत्तापालट', बोलताना 'सुपारी'. तत्समप्रेमींचं विशेषण, सरळनाकांचं नाम, आणि बेट हातात आलं तर पुढच्या भागात खेळाडूंना गारदी करतो, मोडीवाचकांसाठी. राजपुत्राचा पगार थकवायचा विचार आहेच.

एक राहिलं, पेट्रनला काय म्हणता तुम्ही लोक? आश्रयदाता फारच देवळाच्या पाटीवरचं वाटतं.

टेबलाचा धनी

आम्ही 'शेठ' म्हणतो. खेळाडू पहिल्या वाक्यापासून त्याच्यावर संशय घेतात, वेगळं काही करावं लागत नाही.