सही झाल्यावर अटी बदलायच्या, आणि वर गप्प बसायचं?

शिलाईवाली, पुणे:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "पोटभाडेकरूने सही केली म्हणजे दुकान त्याचं होत नाही. बाजार चढला की अटी बदलणारच." रात्रभर झोप नाही, म्हणून लिहिते. माझं दहा बाय बाराचं ब्लाउजचं दुकान. मूळ भाडेकरूकडून घेतलंय, मालकाची लेखी संमती आहे, करार नोंदवलेला आहे. चौथ्या महिन्यात त्या मूळ भाडेकरूचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज: भाडं 3 हजारांनी जास्त, मेंटेनन्स वेगळा, शटर आठला खाली. 1872 च्या करार कायद्याचं कलम 62 वाचा. करार बदलायला दोन्ही पक्ष राजी लागतात. मी उत्तर दिलं नाही, म्हणजे होकार दिला नाही.

गाळामालक, दादर:
ताई, ते मीच लिहिलं. आमच्या वडिलांनी गाळा पगडीवर दिला, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्याने. भाडं आजही चहापाण्याइतकं, आणि भाडेकरूने परस्पर तिसऱ्यालाच बसवलाय. आमच्या हक्कांचं कोण लिहिणार?

नाना, ठाणे:
पगडी इथे कुठून आली? परस्पर पोटभाडेकरू ठेवला असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 खाली गाळा परत मागता येतो. लावा दावा.

गाळामालक, दादर:
लावलाय! 19 वर्षं झाली. वडील तारखा मोजतच गेले. मला कलमं शिकवू नका.

नाना, ठाणे:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, शब्द मागे घेतो. पण तो राग या बाईंवर का काढता? त्यांनी सगळं कागदावर केलंय.

गाळामालक, दादर:
कागदात भाडेवाढीची अट असेलच. ताई, नीट वाचलंत का?

शिलाईवाली, पुणे:
वाचलं. वाढ आहे, पण 12 महिन्यांनी. चौथ्यात नाही. आणि मी जुनंच भाडं भरलं म्हणून गुरुवारी मूळ भाडेकरूने मीटरचा खटका पाडला. सुईखाली अर्धी बाही, समोर उद्या लग्न असलेली मुलगी. मोबाईलच्या उजेडात हाताने टाके घातले.

नाना, ठाणे:
हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 चं प्रकरण. वीज-पाणी असं तोडता येत नाही. आणि "मी कुठे मालक?" म्हणून त्यांना सुटता येणार नाही. त्याच 1999 च्या कायद्याच्या व्याख्येत पोटभाड्याने देणारा भाडेकरूही मालकच.

गाळामालक, दादर:
वीज तोडणं चूक, एवढं मान्य. जास्त भाडं मागणं चूक, हे मी मानणार नाही.

शिलाईवाली, पुणे:
मागा ना. मी नाही म्हटलं की थांबा, एवढंच. मीटरच्या खोलीला अजून कुलूप आहे. सोमवारी कोर्टात अर्ज देते.