कर्ज काढून पाणी आणायचं की नाही?

जमाखर्च: काल इथे एकाने लिहिलं, "पाण्यासाठी कर्ज काढणं म्हणजे शहर गहाण टाकणं. पाणीपट्टीत बसेल तेवढंच काम करा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. जलवाहिनी पुढच्या दोन पिढ्या वापरणार, मग सगळा भार आजच्याच करदात्यावर का? पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 24 तास पाणीयोजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, 7.59 टक्के व्याजाने, दहा वर्षांसाठी. त्यात गैर काय?

नारायणपेठी: गैर हे, की त्याच वर्षी मुख्य कामांच्या निविदा रद्द करून फेरनिविदा काढाव्या लागल्या. वर्षाला 15 कोटींहून जास्त व्याज, आणि नळाला फरक शून्य! वर पाणीपट्टी आधीच वाढवलेली.

जमाखर्च: कर्ज आधी आणि निविदा नंतर, हा क्रम चुकलाच. पण दोष नियोजनाचा आहे, कर्जाचा नाही.

धायरीकर: तुमचे रोखे राहू द्या बाजूला. आमचं गाव 2017 मध्ये महापालिकेत घेतलं, योजनेचा आराखडा त्याआधीचा. मिळकतकर भरतो आणि टँकरही विकत घेतो. उन्हाळ्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचा मोठा वाटा टँकरवरच जातो. पेठांत लोक नळी लावून गाड्या धुतात!

नारायणपेठी: पेठांना कशाला मध्ये ओढता? आमच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. आई अजून पहाटे उठून पिंप भरते.

धायरीकर: निदान भरायला पाणी तरी येतं! खडकवासला आमच्या उशाला, आणि आम्ही टँकरच्या रांगेत.

मीटरवाली: भांडा खुशाल, पण मीटर बसल्याशिवाय कोण किती वापरतं हे कळणार कसं? आणि मीटर लावायला आले की अडवणारे आपल्यातलेच.

धायरीकर: बसवा की. आधी पाणी द्या, मग मोजा.

नारायणपेठी: मीटरला माझा विरोध होता, अजून आहे. पण सरसकट पट्टीत जास्त वापरणारा सुटतो, एवढं मीटरवालीताईंचं खरं. याहून जास्त कबूल करणार नाही.

जमाखर्च: मूळ प्रश्न राहिलाच. पाणीपट्टीचं वेगळं खातं आणि जुन्या वाहिन्या बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला काढलेला निधी, दोन्ही हवेत. नाहीतर वाहिनी फुटली की पुन्हा कर्ज.

धायरीकर: त्या खात्यात आमच्या टँकरचा खर्च कुठे दिसणार, तेवढं सांगा.