मदत हवी आहे: समुद्रातल्या डोंगरावर चारा भरपूर, मग कोपेपॉड कमी का?

नमस्कार मंडळी. मी परभणीची, एमएस्सी प्राणिशास्त्र. समुद्र एकदाच पाहिलाय, तोही सहलीत. आणि सेमिनारला विषय आला सीमाउंटवरच्या कोपेपॉडचं खाणं! सीमाउंट म्हणजे तळापासून हजारेक मीटर उठलेला, पण पाण्याबाहेर न आलेला डोंगर.

कोपेपॉड म्हणजे पाण्यातला, झिंग्याच्या जातकुळीतला बारीक जीव; तसा घरचाच. गावच्या बारवेचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की सायक्लॉप्स झटके देत पळतो. एकच डोळा, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन थैल्या. आजीच्या पोटरीवरचा नारूचा, म्हणजे सायक्लॉप्ससोबत पोटात जाणाऱ्या जंताचा, वण याचीच कृपा. देश २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, तरी ती पाणी फडक्यानं गाळूनच पिते.

अडलंय ते असं: प्रवाह डोंगराला धडकला की खालचं नत्र-स्फुरदाचं पाणी वर येतं, सूक्ष्म शेवाळ वाढतं, कोपेपॉडची चंगळ. पण उथळ माथ्यांवर मोठे कोपेपॉड उलट कमी सापडतात म्हणे. कुरण हिरवं अन् गुरं गायब? आणि त्यांनी किती खाल्लं ते मोजतात कसं?

प्रतिसाद १
तुम्ही वेळ धरलाच नाही. शेवाळ वाढायला काही दिवस, कोपेपॉडची पिढी तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ते पाणी डोंगर सोडून पुढं गेलेलं असतं. माथ्याभोवती पाणी गोल फिरत राहिलं तरच चारा तिथं टिकतो.

आता गुरं. मोठे कोपेपॉड रात्री वर चरतात, पहाटे खोल अंधारात उतरतात. रात्रीतून प्रवाहानं डोंगरावर आणून सोडले की उतरताना माथा आडवा येतो. उजाडलं की मासे टिपतात. मेजवानी होते, पण माशांची.

मोजायला जाळी वर येताच कोपेपॉड गोठवायचे, नाहीतर पोट तासाभरात रिकामं होतं. मग ॲसिटोनमध्ये पोटातलं हरितद्रव्य उतरवून फ्लोरोमीटरवर, म्हणजे त्याची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचं. इतर सूक्ष्म प्राणी खाल्ले असतील तर ते यात दिसत नाहीत.

धागाकर्ती
माथा आडवा येतो हे डोक्यातच आलं नव्हतं! हाच प्रयोग बारवेतल्या सायक्लॉप्सवर करू का? कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र) आहे, फ्लोरोमीटर नाही.

प्रतिसाद २
सायक्लॉप्स भक्ष्य पकडून खातो; त्याऐवजी डायप्टोमस हा कोपेपॉड बघा. लांब मिशांचा असतो, शेवाळ ओढून घेतो. आणि तुमच्या यंत्राला दहा-वीस पुरायचे नाहीत, शेकड्यांनी गोळा करा.